स्पिन म्हणजे फिरणं नव्हे

सरांच्या वर्गात बोट गोल फिरवायला बंदी होती.

इलेक्ट्रॉनच्या स्पिनबद्दल बोलायला लागलं की माणसाचं बोट आपोआप हवेत फिरायला लागतं. करून बघा. पुस्तकांतही तसंच चित्र असतं, मधे एक गोळा आणि त्याच्याभोवती वळलेला बाण. आमच्यातल्या कुणाचं बोट फिरलं की सर खडू खाली ठेवायचे आणि त्या बोटाकडे बघत राहायचे. बोटाचा मालक ओशाळून हात खाली घेईपर्यंत बघायचे. मग म्हणायचे, "झालं फिरवून? दमला असाल. बसा."

एकानं एकदा धीर करून विचारलं, "पण सर, तो फिरत नसेल तर त्याला स्पिन का म्हणतात?"

"नारायण पेठेत सगळे नारायण राहतात का?" सर म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

ते स्वतः नारायण पेठेत राहायचे, थोरल्या बहिणीबरोबर. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. वडील लवकर गेल्यामुळे बहिणीनं नोकरी धरून भावाला शिकवलं, एवढंच कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं.

गेल्या वर्षी सर गेले. पुण्याबाहेर मांजरी गावाच्या पुढे, उसाची शेतं आणि नव्या इमारती यांच्या मधे एक वृद्धाश्रम आहे, तिथे. ऐंशी केव्हाच ओलांडली होती. मला कळलं तोवर सगळं आटोपलं होतं. जुने विद्यार्थी भेटले की सरांच्या वर्गातल्या गोष्टी सांगतात आणि हसतात. मीही हसते. पण मी त्यांना वर्गाबाहेरही पाहिलं होतं, आणि तिथे हसण्यासारखं फारसं काही नव्हतं.

मी यवतमाळची. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एम.एस्सी.साठी पुण्यात आले. पहिल्याच आठवड्यात सरांनी वाचनालयाच्या दारात विचारलं, "काय चाललंय?" मी आमच्याकडच्या सवयीनं म्हणाले, "पुस्तक वाचून राहिले, सर."

सरांनी मान तिरकी केली. "वाचून कुठे राहिलात? हॉस्टेलवर की नातेवाइकांकडे?"

मला रडू आलं होतं. नंतर कळलं की ज्याची त्यांना दखल घ्यायची असे, त्यालाच ते असं बोलायचे. बाकीच्यांना ते नुसते "बरं" म्हणायचे.

त्यांचा शर्ट नेहमी पांढरा असायचा आणि इस्त्री कधीच नसायची. खिशात पेनाच्या जागी खडूचे तुकडे. फळा ते स्वतः ओल्या फडक्यानं पुसायचे आणि तो वाळेपर्यंत सगळा वर्ग त्याच्याकडे बघत बसायचा. पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर दोनच शब्द लिहिले होते, 'वर' आणि 'खाली'. चांदी भट्टीत तापवली, तिच्या वाफेतले अणू एका विशिष्ट आकाराच्या चुंबकामधून सोडले आणि पलीकडे काच धरली, तर काचेवर काय दिसेल? प्रत्येक अणू म्हणजे एक चिमुकलं चुंबक. ती चुंबकं वाटेल तशी कलंडलेली असणार, त्यामुळे काचेवर वरपासून खालपर्यंत एक पट्टा उमटायला हवा. उमटतात ते दोन डाग. एक वर, एक खाली. मधे काही नाही.

"मधे का नाही, सर?"

सरांनी त्याच मुलाला विचारलं, "चहा घेणार की कॉफी?"

"काहीही चालेल, सर."

"अणूला काहीही चालेल म्हणायची सोय नाही. विचारलं की एक उत्तर द्यावं लागतं. वर नाहीतर खाली."

"आणि विचारण्याआधी?"

"विचारण्याआधी त्याच्याकडे उत्तर नसतं. लपवून ठेवलेलं नसतं हो, नसतंच." त्यांनी फडकं घेतलं आणि दोन्ही शब्दांमधली मोकळी जागा पुसली. तिथे काही लिहिलेलं नव्हतं तरी पुसली.

'जणू काही' म्हणायलाही वर्गात बंदी होती. इलेक्ट्रॉन जणू काही भोवरा, जणू काही पृथ्वी, असं कुणी सुरू केलं की ते म्हणायचे, "तो कशासारखाही नाही. ज्याला कशासारखं तरी हवंय, त्यानं साहित्याकडे जावं." एवढ्या लहान गोळ्याला तेवढं चुंबकत्व यायचं तर त्याचा काठ प्रकाशापेक्षा वेगानं पळायला हवा, हे ते गणितानं दाखवायचे. मग विचारायचे, "पळेल? नाही ना? मग नाही फिरत. विषय संपला."

चित्राला एवढी बंदी असली तरी एक प्रात्यक्षिक मात्र ते दरवर्षी करायचे. त्याला ते चित्र न म्हणता हातानं केलेला हिशोब म्हणायचे. तळहातावर बशी, बशीत काठोकाठ भरलेला चहाचा कप. तो हात काखेखालून आत घेऊन पूर्ण वळवायचा. बशीची एक फेरी झाली, पण हात पिळलेला राहिला. मग त्याच दिशेनं हात डोक्यावरून आणखी एकदा वळवायचा. दुसरी फेरी झाली आणि हात मोकळा. इलेक्ट्रॉनही असाच, एका फेरीनं पूर्वपदावर येत नाही, त्याला दोन लागतात. "असा चेंडू बाजारात मिळाला तर मला आणून द्या," सर म्हणायचे.

याचा सराव ते घरी करत. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा अक्कांनी मला नुसत्या कपात चहा दिला. "याच्या इलेक्ट्रॉनपायी माझ्या घरात बशी म्हणून उरलेली नाही. फुंकून प्यायचा," त्या म्हणाल्या. सर जमिनीकडे बघत होते. वर्गात कुणासमोर न वाकणारा माणूस बहिणीसमोर शाळकरी पोरासारखा बसायचा.

अक्का टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होत्या. परगावी फोन करायचा तर ऑपरेटरला नंबर सांगून वाट बघत बसावं लागायचं, त्या काळातल्या. कानाला हेडफोन आणि समोर तारांचा बोर्ड, यावर त्यांचं सगळं तारुण्य गेलं. पुढे यंत्रं आली, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळे एसटीडी बूथ उघडले आणि अक्कांचा बोर्ड कुणीतरी उचलून नेला. शेवटची वर्षं त्यांना एका टेबलामागे नुसतं बसवलं होतं. पण कान तोच राहिला होता. माझा पहिला फोन त्यांनीच उचलला. मी नुसतं "हॅलो, सर आहेत का?" म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "यवतमाळ का? की वणीकडची?"

वर्ग दर महिन्याला बारीक होत होता. शहरभर कॉम्प्युटरच्या क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. दोन हजार साल उजाडताच जगातली कॉम्प्युटर कोलमडणार अशी हवा होती आणि ते निस्तरायला माणसं हवी होती. गणित येणारं कुणीही चालत होतं. सर हजेरी घ्यायचे.

"हे कुठे?"

"न्यू जर्सीला, सर."

"आणि हे?"

"बंगलोरला ट्रेनिंग आहे, सर."

"तिकडचे इलेक्ट्रॉन वेगळे आहेत का हो?" असं विचारून सर पुढचं नाव घ्यायचे. हजेरीतून नाव मात्र कुणाचं काढायचे नाहीत. आलाच परत तर, म्हणायचे.

विभागाच्या मागच्या बाजूला सरांची एक खोली होती. तिथे भट्टी होती, कुठल्याशा कारखान्याच्या लिलावातून मिळवलेला निर्वात पंप होता आणि एक अगडबंब चुंबक होतं. चांदीच्या अणूंचा तो प्रयोग त्यांना पुण्यात, स्वतःच्या हातानं करायचा होता. पुस्तकात होऊन गेलेली गोष्ट पुन्हा कशाला करायची, असं विभागप्रमुख विचारायचे. सर म्हणायचे, "जेवण तरी रोज कशाला करायचं?" पंप कुठेतरी गळायचा. ते गळकं भोक शोधण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मी असताना एकदाच काचेवर चांदी उमटली. दोन डाग पडायला हवे होते, पडला तो एक, पसरट, फुंकर मारल्यासारखा. सरांनी काच उजेडात धरली, खूप वेळ बघितली आणि शर्टाच्या टोकानं पुसून टाकली.

मे महिन्याच्या सुट्टीनंतर आम्ही आलो तेव्हा त्या खोलीत वातानुकूलन बसलं होतं आणि रांगेनं कॉम्प्युटर मांडले होते. पंप जिन्याखाली आणि चुंबक सायकल स्टँडवर. दारावर पाटी होती, 'चपला बाहेर काढाव्यात.' सरांनी ती वाचली. काचेतून आत डोकावले. "घंटा दिसत नाही कुठे," म्हणाले. आणि सायकल स्टँडवर जाऊन त्या चुंबकावर बसले. त्या सत्रात आमचे पुष्कळसे तास तिथेच झाले. येणारे-जाणारे हसायचे, सायकली काढणारे मधूनच "एक्सक्यूज मी, सर" म्हणायचे, आणि सर पाय आखडून घेऊन शिकवत राहायचे.

गणपतीच्या सुमारास भंगारवाल्याचा टेम्पो आला. चुंबक उचलेना. चार माणसं, साखळ्या, आरडाओरडा. आमचा तास चालू होता. सर उठून उभे राहिले. आता हे भांडणार असं आम्हाला वाटलं. ते जवळ गेले आणि त्या माणसांना म्हणाले, "वरून धरू नका, बोटं जातील. दोघांनी खालून धरा, दोघांनी मागून रेटा." त्यांनी सांगितलं तसं केल्यावर चुंबक सहज टेम्पोत चढलं. सरांनी मागचं फळकं स्वतः लावून दिलं आणि राहिलेला तास व्हरांड्यात उभ्यानं घेतला. त्या प्रयोगाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

एम.एस्सी. झाल्यावर मीही कॉम्प्युटरकडे गेले असते, पण माझ्याच्यानं ते होईना. शहरात एमआरआयचं एक नवं केंद्र निघालं होतं. मशीन चालवायला शिकवू, भौतिकशास्त्र येणारं कुणीतरी हवंय, असं त्यांनी सांगितलं. मला नोकरी मिळाली. सरांना सांगायला पेढे घेऊन गेले.

"तिथे काय करतात?" सरांनी विचारलं. त्यांना माहीत होतं, पण तोंडी परीक्षा घेतल्याशिवाय ते सोडायचे नाहीत.

"माणसाला मोठ्या चुंबकात ठेवतात, सर. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो, त्याच्या प्रोटॉनला स्पिन असतो. ते स्पिन चुंबकाला धरून उभे राहतात. मग रेडिओ लहरींनी त्यांना हलवायचं. परत जागेवर येताना ते सिग्नल देतात, त्याचं चित्र करायचं."

"चुंबक केवढं?"

"एक टेस्ला, सर."

"एक टेस्ला मला बोटभर फटीत मिळायचा. तुमच्याकडे त्यात माणूस झोपतो?"

"हो, सर."

सरांनी दोन्ही हातांमधे माणूस मावेल एवढं अंतर धरून बघितलं. मग म्हणाले, "ज्याचं चित्र काढू नका म्हणून मी घसा फोडला, त्याची आता छापील चित्रं निघणार. आणि ती आपण काढणार. बरं आहे." आतून अक्का ओरडल्या, "अरे, पेढे आणलेत तिनं, आधी घे तरी."

त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत मी महिन्या-दोन महिन्यांनी फोन करायची, कधी घरी जायची. एका रविवारी मी फोन केला. अक्कांनी उचलला. मी हॅलो म्हणाले. पलीकडून काहीच नाही. मी माझं नाव सांगितलं. "कोण?" त्या म्हणाल्या. मी पुन्हा सांगितलं. "थांबा हं, देते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

आवाजावरून गाव ओळखणारी बाई. मी दुसऱ्या दिवशी गेले. अक्का नेहमीसारख्या बसल्या होत्या, पण शब्द सापडत नव्हते. बंबाला 'ते पाणी तापवायचं', चष्म्याला 'डोळ्यांचं'. मधेच एक वाक्य अगदी सरळ यायचं आणि पुढचं अर्ध्यावर तुटायचं. उजवा हात जरा जड वाटतोय म्हणाल्या. सर कातावून म्हणाले, "मुद्दाम करते. मला चिडवायला."

"सर, डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं."

"काय म्हणाले?"

"तुमच्या दुकानात पाठवा म्हणाले."

"मग कधी येताय?"

"बघू."

हे 'बघू' लांबत गेलं. मी फोन करत राहिले. सर विषय बदलायचे, हवेबद्दल बोलायचे. हवेबद्दल ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. शेवटी एका दुपारी मी कामावरून सुट्टी घेऊन नारायण पेठेत गेले. अक्का आत झोपल्या होत्या. सर दारातच उभे राहिले, मला आत घेईनात.

"सर, का टाळताय?"

"टाळत नाही. अजून काही ठरलेलं नाही. आज ती बरीच बरी आहे. सकाळी तिनं मला नावानं हाक मारली."

"तपासलं तर कळेल ना काय आहे ते."

"तपासलं की उत्तर येतं," सर हळू आवाजात म्हणाले. "आलं की परत घेता येत नाही."

मला त्यांच्या फळ्यावरचे ते दोन शब्द दिसले. एवढा हुशार माणूस दारात उभा राहून काय बोलत होता! मी म्हणाले, "सर, अक्का अणू नाहीत. गाठ असेल तर ती आत्ताही आहे. आपण विचारलं नाही म्हणून ती नाहीशी होणार नाही. ती रोज वाढणार."

मी सरांशी अशी कधी बोलले नव्हते. ते माझ्याकडे बघत राहिले. वर्गात कुणी बरोबर उत्तर दिलं की बघायचे तसे. मग दाराच्या चौकटीला धरून खाली बसले.

"मला माहीत आहे हो," ते म्हणाले. "मला नाही का माहीत?"

त्या आठवड्यातच ते अक्कांना घेऊन आले. अक्कांनी ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. त्यांच्या बांगड्या निघेनात, मी साबण लावून एकेक काढली. केसांतल्या पिना काढल्या. मशीनचं तोंड बघून मात्र त्या थबकल्या. "नाही," म्हणाल्या. तो शब्द अगदी स्वच्छ आला. "नाही. पुरतात... मातीत..." त्यांनी माझा हात घट्ट धरला. त्यांना आपल्याला पुरताहेत असं वाटत होतं. मी समजावलं, आमच्या डॉक्टरांनी समजावलं. त्या मान हलवत राहिल्या आणि रडायला लागल्या.

सर बाहेरून आत आले. खिसे रिकामे करून, चपला काढून. त्यांनी बहिणीला पलंगावर बसवलं आणि समोर उकिडवे बसले.

"अक्का, ऐक. आत आवाज होईल. ठकठक, घूं घूं. घाबरायचं नाही. जणू तू बोर्डावर बसली आहेस."

मी सरांकडे बघितलं.

"तुझ्या डोक्यात पाणी आहे. सगळ्यांच्या असतं. त्या पाण्यात लाखो लाइनी आहेत, असं धर. मशीन त्यांना हाका मारणार, आणि त्या उत्तर देणार. तो आवाज हाकांचा."

अक्कांनी नाक पुसलं. "नं...नंबर?" त्या म्हणाल्या.

"नंबर सगळ्यांचा एकच. पण चुंबक एका बाजूला जरा जास्त, एका बाजूला जरा कमी ठेवतात. म्हणून जागेप्रमाणे नंबर थोडा थोडा बदलतो. त्यावरून कळतं, कोण कुठून बोलतंय."

"कुठून," अक्का म्हणाल्या. हे त्यांना समजलं होतं. मला एम.एस्सी.ला जे समजायला सबंध सत्र लागलं, ते त्यांना त्या अवस्थेत समजलं.

"हो. फक्त तू हलायचं नाहीस. हललीस की लाइन तुटते."

अक्का आडव्या झाल्या. सर त्यांच्या पायाशी स्टुलावर बसले आणि पाऊल हातात धरलं. मी काचेमागे माझ्या जागेवर गेले आणि मशीन सुरू केलं. अक्का शेवटपर्यंत हलल्या नाहीत. इतक्या निश्चल झोपलेल्या पेशंटची चित्रं फार स्वच्छ येतात. डाव्या बाजूला, कानाच्या आत, जिथे भाषा असते तिथे, मधे काळपट आणि कडेनं पांढरं शुभ्र असं काहीतरी होतं. एक चित्र आलं, दुसरं आलं, तिसऱ्यात ते आणखी मोठं झालं. सर काचेपलीकडून माझ्याकडे बघत होते, म्हणून मी चेहरा पडद्यामागे घेतला.

तपासणी झाल्यावर अक्कांना आयाबाईंनी बाहेर नेलं. सर माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"सर, रिपोर्ट डॉक्टर देतील."

"रिपोर्ट नाही विचारत. ही पांढरी जागा. इथे सिग्नल जास्त का?"

"पाणी जास्त आहे, सर."

"का जास्त आहे?"

उत्तर सरांनी स्वतःच दिलं. "सूज," ते म्हणाले. मग बोट पडद्याला न लावता त्या काळपट भागाभोवती धरून म्हणाले, "हिच्यामुळे." आणि म्हणाले, "चित्र चांगलं आलंय."

ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली नाही. सरांनी डॉक्टरांना विचारलं, आधी आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, या जातीच्या गाठीत दोन-तीन महिन्यांनी फार फरक पडत नाही. त्यांनी हे धीर देण्यासाठी सांगितलं की खरं म्हणून, ते मला आजही ठाऊक नाही. सरांनी मात्र 'फार' हा शब्द धरून ठेवला. "फार नाही म्हणजे थोडा पडतो," ते मला म्हणाले. पुढे कितीतरी वेळा म्हणाले.

ऑपरेशननंतर अक्कांची भाषा गेली. एकच शब्द राहिला, 'बोला'. बोर्डावर बसून दिवसाला किती वेळा म्हटला असेल तो. भूक लागली की 'बोला', दुखलं की 'बोला', राग आला की दात आवळून 'बोला'. त्यांना कळत होतं की आपल्याला म्हणायचंय ते हे नव्हे. म्हणून शब्द तोंडातून पडला की त्या डोळे मिटून घ्यायच्या.

सरांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. आंघोळ घालायला एक बाई यायची, बाकी सगळं ते करायचे. सुरुवातीला ते अक्कांना विचारायचे, "पाणी हवंय? उशी? कूस बदलू?" त्या "बोला, बोला" म्हणायच्या आणि दोघंही थकायची. मग त्यांनी विचारणं सोडलं आणि बोलायला लागले. ती बोला म्हणते ना, मग बोलायचं. मी एकदा संध्याकाळी गेले तर जिन्यातच त्यांचा आवाज ऐकू आला. चांदीची भट्टी कशी तापवायची, पंप कुठे गळत होता, त्या सायकल स्टँडवर त्यांना किती लाज वाटायची, आई गेली त्या दिवशी अक्का ड्यूटीवरून कशी धावत आली होती. वर्गात मोजून शब्द वापरणारा माणूस तासन्‌तास बोलत होता. अक्का त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर ऐकत असल्याचा भाव होता. सरांचा घसा पार बसला होता. मी म्हणाले, "सर, जरा विश्रांती घ्या." ते म्हणाले, "थांबलो की ती घाबरते."

दिवाळीनंतर अक्का गेल्या.

मग सर बोलायचेच बंद झाले. कॉलेजातले लोक भेटून आले, म्हणाले, नुसते बसून असतात. मी जायची, चहा करायची, दोघं प्यायचो, मी निघायची. ते दारापर्यंत सोडायला यायचे आणि मान हलवायचे. घर अतिशय स्वच्छ असायचं. अक्कांची खाट त्यांनी काढली नव्हती.

काही महिन्यांनी एका सकाळी ते न कळवता आमच्या केंद्रावर आले. बाहेरच्या बाकावर पेशंटांच्या रांगेत बसले होते. मला बघून उठले.

"मला आत घाला," म्हणाले.

"काय होतंय, सर?"

"काही होत नाही. मला आत जायचंय."

मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते अक्कांना ओळखत होते. शनिवारी दुपारी मशीनची तपासणी असते, तेव्हा कुणाला तरी आत झोपवावंच लागतं, तेव्हा बोलवा, म्हणाले. शनिवारी सर वेळेआधी आले. मी नियमाप्रमाणे विचारलं, अंगात लोखंड, जुनी शस्त्रक्रिया, काही? ते नाही म्हणाले. खिशातून खडूचा तुकडा निघाला. "हा चालेल का?" त्यांनी विचारलं. निवृत्त होऊन इतके दिवस झाले तरी खिशात खडू होता. मी चालेल म्हणाले. त्यांनी तो मुठीत धरला.

अर्धा-पाऊण तास ते आत होते. बाहेर आल्यावर पलंगाच्या काठावर पाय सोडून बसले. केस विस्कटले होते.

"काही वाटलं नाही हो," ते म्हणाले. "माझ्या अंगातले इतके सारे प्रोटॉन वळले असतील, पुन्हा जागेवर आले असतील. मला पत्ताही नाही. आयुष्यभर शिकवलं आणि माझ्याच अंगात चाललं होतं तेव्हा मला काही कळलं नाही."

"कुणालाच कळत नाही, सर."

"तिलाही?"

"नाही, सर. आवाज तेवढा ऐकू येतो."

"आत आवाज फार आहे. पायाशी बसून एवढा कळला नव्हता," सर म्हणाले. "मी तिला सांगितलं होतं त्यापेक्षा फार जास्त आहे. आणि ती हलली नाही." मूठ उघडून त्यांनी हात झटकले. खडूचा चुरा झाला होता. "खरं सांगा. धीर द्यायचा म्हणून सांगू नका. तिला भीती वाटली असेल ना?"

मी म्हणाले, "वाटली असेल, सर."

त्यांनी मान हलवली. उत्तर पटल्यासारखी.

मी त्यांना पडद्याकडे नेलं. आमचे डॉक्टरही आले. सरांच्या डोक्याची चित्रं ओळीनं लावली होती. साठीला आलेल्या माणसाचा इतका नीटनेटका मेंदू आम्ही फारसा पाहिला नव्हता. कुठे डाग नाही, कुठे झीज नाही. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, एकदम उत्तम आहे. काही म्हणजे काही नाही."

सर चित्रांकडे बघत राहिले.

"म्हणजे अजून किती चालेल हे?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर हसले. "तसं सांगता येत नाही. पण पुष्कळ, सर. पुष्कळ वर्षं."

"अरे देवा," सर म्हणाले, आणि वाकून चपला शोधू लागले.